उजवीकडच्या दोन दाढा

"बसत नाय," असं म्हणून महिपती आजोबांनी तोंडातली कवळी काढली आणि माझ्या अपॉइंटमेंटच्या वहीवर ठेवली. ओली, साडेअकराच्या पेशंटच्या नावावर.

"अहो आजोबा, वहीवर काय ठेवताय!"

"आजोबा कोनाचा? तुजा?"

"बरं, काका. उचला ती आधी."

"तूच उचल. तुमचीच हाय. माजी असती त बसली असती."

ही सातवी खेप. मी पेणला सुरभी मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात सहा वर्षं काम करते. पेशंटचं नाव लिहायचं, औजारं उकळायची, मुलं रडली की त्यांना फुगा द्यायचा, हे सगळं मी बिनतक्रार करते. रडणारी मुलं परवडली. पण हा माणूस रोह्याहून एसटीने यायचा, दोन तास बाकावर बसून सगळ्या जगाला नावं ठेवायचा, पंखा जोरात आहे म्हणायचा, मग बंद केला की उकडतं म्हणायचा. शेजारी बसलेल्या बाईला त्याने एकदा सांगितलं, "डाक्टरीनबाई नवीन दिसते, हात कापतोय तिचा." मॅडमना पंधरा वर्षं झालीत प्रॅक्टिसला. ती बाई घाबरून उठून गेली, ती परत आलीच नाही.

आणि या सगळ्याचं मूळ कुठे होतं? माझ्याच अकलेत. मे महिन्यात एका ट्रस्टच्या मदतीने मॅडमनी रोह्याला कवळीचं शिबिर घेतलं होतं. चाळीस म्हाताऱ्या माणसांना फुकट कवळ्या. त्याचं पत्रक मला लिहायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "लिही, नंतरच्या तीन तपासण्या मोफत." मला वाटलं, हे काय रुक्ष. मी आपलं सजवून लिहिलं, 'कवळी मनासारखी बसेपर्यंत तपासणी मोफत.' छापूनही आलं. एकोणचाळीस माणसांच्या मनासारखी बसली. चाळिसावा हा. पत्रकाची घडी तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि मी काही बोलायला गेले की बाहेर काढून माझ्यासमोर धरायचा.

"वाच. मनासारखी. माज्या मनासारखी झाली नाय."

मॅडमनी त्या दिवशीही त्याला खुर्चीत बसवलं. निळा कागद दातांत धरून चावायला लावला, कुठे टोचतं का, हिरडी लाल आहे का, सगळं पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "काका, इतकी छान बसलेली कवळी मी गेल्या वर्षभरात पाहिली नाही. टोचत नाही, हलत नाही. जेवता येतंय ना?"

"येतंय."

"भाकरी?"

"येते."

"मग बसत नाही म्हणजे नक्की काय होतं?"

तो छताकडे बघत राहिला. मग खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातलं काहीतरी तोंडात टाकलं, उजव्या बाजूला धरून कट्कन चावलं आणि खुर्चीशेजारच्या बेसिनमध्ये थुंकला.

"काय नाय कलत," म्हणाला.

आता हेही रोजचंच. दर खेपेला हा पुडी काढणार, चावणार आणि थुंकणार. त्याच्या मागून बेसिन मीच साफ करायची. एकदा तर जाळीच तुंबली. मी हातमोजे घालून काढायला गेले तर निघालं काय, भाताची सालं! तूस! सालासकट भात चावतो हा माणूस. आमच्या गडब गावात कोंबड्यासुद्धा नीट निवडून खातात.

"काका, बेसिनमध्ये थुंकायचं नाही असलं काही. किती वेळा सांगू? जाळी तुंबते."

"तुंबंल नायतर काय व्हईल. तुला काय करायचंय?"

"मलाच करायचंय! साफ मी करते!"

मॅडमनी डोळ्यांनी मला गप्प केलं. पण तेवढ्यात तोच उठला. कवळी काढून ट्रेमध्ये टाकली आणि चपला घालायला लागला.

"अहो, कवळी?"

"ठेव तुज्याकडं. तूच लाव."

आणि गेला. दार आपटून गेला, असं लिहिलं असतं, पण आमचं दार आपोआप हळू बंद होणारं आहे. त्याने ते ओढून पाहिलं, ते आपल्याच गतीने बंद झालं, त्याचाही त्याला राग आला.

मॅडमनी ड्रॉवरमधून कार्ड काढलं. शिबिराच्या प्रत्येक पेशंटचं एक कार्ड होतं, खाली एक छापील ओळ, 'कवळी मनासारखी बसली', आणि तिच्यापुढे सहीची जागा. ही ओळसुद्धा माझीच.

"नमिता, ट्रस्टवाले तीन महिने मागे लागलेत. चाळीस कार्डं सह्या होऊन गेल्याशिवाय पुढचं शिबिर देत नाहीत ते. जोहे, हमरापूरकडून किती म्हाताऱ्यांची नावं आलीत, तुला माहिती आहे. एका माणसामुळे सगळे अडलेत. उद्या तुझी सुट्टी ना?"

मी म्हटलं, "मॅडम, नको ना."

"कवळी देऊन ये आणि सही घेऊन ये. गोड बोल. तुला जमतं गोड बोलायला."

ते मात्र खरं. गोड बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

झालं. सुट्टीच्या दिवशी केस धुवायचे, सासूबाईंबरोबर बाजारात जायचं, सगळं बाजूला राहिलं आणि मी गडबच्या थांब्यावर पर्समध्ये दुसऱ्याचे दात घेऊन उभी. एसटीत खिडकी मिळाली नाही. नागोठण्यापासून पुढे एक जण माझ्या खांद्यावर झोपला. भिसे खिंडीत गाडी वळत होती आणि मी मनातल्या मनात भांडत होते. काय काय बोलायचं ते ठरवत होते. म्हातारं माणूस आहे म्हणून किती ऐकून घ्यायचं? फुकट मिळालं ना सगळं? आम्ही काय नोकर आहोत का यांचे?

कार्डावर पत्ता म्हणून एका पोह्यांच्या मिलचं नाव होतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर विचारत विचारत पोचले. पत्र्याची लांब शेड, दारात भाताची पोती, आत चक्कीची धडधड आणि भाजलेल्या भाताचा वास. इतका चांगला वास, की माझा राग तिथेच अर्धा कमी झाला, याचाही मला राग आला.

दारात टेबलाशी एक चाळिशीचा माणूस फोनवर बोलत होता. मिलचे मालक, हर्षदशेठ. मी म्हटलं, "पेणहून आलेय, दातांच्या दवाखान्यातून. महिपती काकांची कवळी राहिली."

"अरे वा, बरं झालं आणलीत!" ते पटकन उठलेच. "नीट करून आणलीत का? आता कळेल ना त्यांना?"

"काय कळेल?"

"म्हणजे? काकांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"काका आम्हाला फक्त शिव्या घालतात."

हर्षदशेठ हसले. मग मला आत घेऊन गेले आणि लांबून दाखवलं. शेडच्या टोकाला भट्टी होती. भिजवलेला भात तिथे तापलेल्या वाळूत भाजत होते. डोक्याला टॉवेल, अंगात बनियन, हातात लांब दांड्याचं फावडं. महिपती आजोबा. दवाखान्याच्या बाकावर हा माणूस खांदे पाडून बसायचा. इथे ताठ उभा होता.

"बेचाळीस वर्षं झाली त्यांना," हर्षदशेठ म्हणाले. "बाबांच्या वेळेपासून. हा भात भाजतो ना, तो कच्चा निघाला तर चक्कीखाली लगदा होतो. जास्त झाला तर पीठ. मधली वेळ म्हणजे अर्धा मिनिट. ती काका सांगायचे. गरम दाणा काढायचा, दाढेखाली धरायचा, चावायचा, की म्हणायचे, काढा! त्यांच्या हातचे पातळ पोहे बघा कधी, कागद आहे कागद. एकदा मीटर विकणारा आला होता, दाण्यातलं पाणी मोजायचं मशीन. काकांनी दहा घाण्यांत दहा वेळा त्याच्या आधी सांगितलं. तो बिचारा चहा पिऊन गेला."

"मग आता?"

"आता काय. मेमध्ये दात काढले आणि सगळंच गेलं. त्यांच्या उजवीकडे दोन दाढा राहिल्या होत्या बघा. वर एक, खाली एक, समोरासमोर. बाकी सगळं तोंड रिकामं. पण त्या दोघींवर मिल चालत होती माझी. काढून आले त्या. मी म्हटलं, काका, विचारायचं तरी मला! तर म्हणाले, तिथं एक पोरगी होती, ती म्हणाली नवीन दातांनी सगळं कळेल."

चक्कीचा आवाज इतका होता, की मी पुन्हा विचारू शकले असते, काय म्हणालात, ऐकू नाही आलं. पण मला ऐकू आलं होतं.

ती पोरगी मी. मला ते सगळं आठवलं, अगदी नीट. शिबिरात रांग दाराबाहेर गेली होती, उकाडा नुसता, आणि हा म्हातारा खुर्चीत अडून बसलेला. मॅडम म्हणाल्या होत्या, "या दोन दाढा ठेवल्या तरी चालतील, काढल्या तर कवळी जास्त चांगली बसेल. काका, तुम्ही ठरवा." तो ठरवेना. मागचे लोक ओरडायला लागले. मग मी त्याच्या कानाशी जाऊन गोड बोलले. "दोन दातांसाठी काय अडून बसलात आजोबा? काढून टाका. नवे कोरे बत्तीस येतील." त्याने माझ्याकडे बघून एकच विचारलं होतं, "चावल्यावर कलंल ना सगला?" आणि मी, पुढच्या माणसाचं नाव लिहिता लिहिता, वर न बघता म्हटलं होतं, "सगळं कळेल. ऊस खाल, चणे फोडाल."

त्याने तोंड उघडलं होतं, लगेच.

"या आठवड्यात दोनदा माल पिठूळ झाला," हर्षदशेठ हळू आवाजात सांगत होते. "दिवाळीच्या चिवड्याची ऑर्डर आहे, मला तरी किती थांबता येणार? मीटर मागवलंय, उद्या येतं. काकांना म्हटलंय, आजचा घाणा तुम्ही सांगा. जमला, तर ते मीटर मी खोक्यातून काढणार पण नाही. तुम्ही देवासारख्या आलात बघा."

मी भट्टीकडे गेले. गरम वाफ अंगावर येत होती.

"इथं पन आलीस?" महिपती आजोबा म्हणाले.

मी कवळीची डबी पुढे केली. इतकं ठरवून आलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. त्यांनी डबी उघडली, मडक्यातल्या पाण्याने कवळी धुतली, तोंडात बसवली. वाळूतून झाऱ्याने चार दाणे उचलले, हातावर फुंकले, एक दाढेखाली धरला आणि चावला. थुंकला. दुसरा चावला. डोळे मिटून चावला. मग कवळी काढून पुन्हा डबीत टाकली आणि त्यांचा चेहरा गालाकडून आत गेला.

"काका," मी म्हटलं, "मी तेव्हा..."

"दात किडलेत का तुजे?"

"अं?"

"आ कर."

मी आ केला. सहा वर्षं मी लोकांना आ करायला सांगतेय. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि आत पाहिलं, मॅडम बघतात तसंच.

"बरे हायत. धर हा दाना. उजवीकडं, दाढंत. मी सांगीन तवा चावायचा." मग मान वळवून ओरडले, "ए, चक्की बंद करा रे!"

चक्की थांबली. पोती भरणाऱ्या दोघी बायका हात थांबवून बघायला लागल्या. हर्षदशेठही आले.

"चाव."

मी चावले. टक् असा आवाज झाला. जीभ पोळली.

"काय लागला?"

"कडक."

"कडक त दगड पन असतो! आत काय? वरून कडक पायजे, आत जरासा दबला पायजे. दबला का?"

"थोडा... म्हणजे... नाही कळत."

"अगो, बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात, आनि कलत नाय!" त्यांनी फावडं आपटलं. "परत. हलू चाव. घाई नको."

दुसरा दाणा. तोंडात नुसती वाळू आणि तूस. मी डोळे मिटले. काही दबलं का? काय दबायचं असतं? भाताच्या एका दाण्याच्या पोटात काय असतं हे मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं.

"सांग ना गो."

त्यांचा आवाज बदलला होता. ओरडत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी शिबिरात बघितलं होतं तसं. कपाळावरून घाम भुवईत येत होता, तो पुसायलाही हात वर केला नाही. मला वाटलं, हो म्हणावं. या माणसाचं आजचं काम व्हावं. मीटर खोक्यातच राहावं.

तिसरा दाणा चावला आणि म्हटलं, "आता दबला."

"नक्की?"

"हो, काका. नक्की."

"काढा!" ते ओरडले. बेचाळीस वर्षांचा आवाज होता तो. पत्रा हादरला. गड्यांनी भात खसाखसा ओढला, चाळणीतून वाळू खाली गेली, गरम दाणे चक्कीत पडले, चक्की पुन्हा धडधडायला लागली. आम्ही सगळे समोर उभे. खाली टोपलीत पोहे यायला लागले.

महिपती आजोबांनी मूठभर उचलले आणि तळहातावर चोळले. बोटांच्या फटींतून पांढरं पीठ खाली पडलं. ते पडायचं थांबेना. त्यांनी दुसरी मूठ घेतली, तीही तशीच. कागद नाही, काही नाही. नुसती भुकटी.

हर्षदशेठ दुसरीकडे बघायला लागले.

"काका, मला खरंच वाटलं की दबला," मी म्हटलं. तेही खरं नव्हतं.

आता हे ओरडणार, असं वाटलं. ओरडायलाच हवं होतं. मी वाट बघत होते. पण त्यांनी टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "तू पोर चांगली हायस. पन समोरच्याला जे पायजे, तेच बोलतंस तू. तवा पन तेच केलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भट्टीच्या धुराने आलं, असं म्हणता आलं असतं, पण धूर दुसऱ्या बाजूला होता.

"काका, आपण मॅडमना सांगू. दुसरं काहीतरी असतं, हाडात दात बसवतात..."

"त्याला कलतंय?"

मला ठाऊक होतं, त्यालाही तसं कळत नाही. "नाही," म्हटलं.

"हां," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बोलण्यावर मान डोलावली.

हर्षदशेठ जवळ आले. "काका, उद्या या हां नेहमीसारखे. पॅकिंगला माणूस लागतोच. सावलीत बसून काम."

"मी काय पिशव्या चिकटवायला आलोय?" महिपती आजोबा कडाडले. मग जरा थांबून म्हणाले, "किती वाजता यायचा?"

"तुमच्या सोयीने या."

"भट्टी सातला लागते. सातला येईन."

मी निघायला वळले. कार्ड काढायचा विचारही मनात नव्हता, देवाशपथ. पण त्यांनीच विचारलं, "ते कारड आनलाय ना? आल्यापासून पर्स धरून हायस."

"राहू द्या, काका."

"आन हिकडं. लोकं खोलंबलीत म्हनं. मागल्या टायमाला तुजी डाक्टरीन फोनवर बोलत होती, आयकलाय मी."

मी कार्ड दिलं. त्यांनी ते लांब धरलं आणि बोट ठेवून वाचलं. कवळी, मनासारखी, बसली. माझीच ओळ. टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सोडवून. कोपऱ्यात पोह्यांच्या पिठाचा अंगठा उमटला. मग डबी बंद केली, सदरा घातला आणि ती खिशात टाकली. त्या खिशातून माझं पत्रक काढून त्यांनी भट्टीत घातलं.

"जा आता. चारची गाडी चुकंल."

चारची गाडी मिळाली. खिडकीही मिळाली. कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. उद्या मॅडम खूश होणार, ट्रस्टवाले खूश होणार, जोह्याच्या म्हाताऱ्यांना कवळ्या मिळणार. मी काम फत्ते करून आले होते.

भिसे खिंडीत लक्षात आलं, उजव्या दाढेत भाताचा एक कण अडकलाय. मी जिभेने काढायचा प्रयत्न केला. वरून टणक होता. दातांनी हळूच दाबून पाहिलं, तर आत अगदी थोडा, नखाएवढाही नाही, दबला.

हा पहिल्या दाण्यातला, म्हणजे वेळ होती तेव्हाचा, की तिसऱ्यातला, ते कसं सांगणार? नागोठणं गेलं, गडबचा थांबा आला, मी उतरले, तरी तो निघाला नव्हता. घरी सासूबाईंनी विचारलं, "झालं का गो काम?" मी तोंड बंद ठेवून नुसती मान हलवली.